टर्बाइनच्या एक्सायटेशन पॅनेलचं गेट पल्स कार्ड बदलायचंय – रिव्हिजनचं अक्षर जुळत नाही, लावावं का?

निफाड_इन्स्ट्रुमेंट

मंडळी, साखर कारखान्याचं को-जन (वाफ आणि वीज दोन्ही देणारं) टर्बाइन आहे, जनरेटरला स्टॅटिक एक्सायटेशन, म्हणजे रोटरच्या फील्ड वाइंडिंगला डीसी थायरिस्टर ब्रिजमधून. एकच ब्रिज, सहा थायरिस्टर (गेटला पल्स दिला की चालू होणारे स्विच), स्टँडबाय ब्रिज नाही. हंगामाच्या शेवटी कंडक्शनचा (एखादा थायरिस्टर नीट चालत नसल्याचा) अलार्म यायला लागला. फील्ड करंट सेटपॉइंटवर होता, म्हणून मशीन तसंच ओढलं. आता ऑफ सीझनला पॅनेल उघडलं, तर गेट पल्स अॅम्प्लिफायर कार्डवर तीन नंबर चॅनलचा सीरिज रेझिस्टर काळा पडलाय. हीटसिंकवरच्या टेंपरेचर स्टिकरप्रमाणे तापलाय मात्र एक नंबरचा थायरिस्टर, तीनचा थंड.

कार्ड जीईच्या आयएस२०० मालिकेतलं आहे. जुन्यावर जी१ नंतर ए-बी-ए अशी अक्षरं. एका विक्रेत्याकडे ए-सी-बी आहे, दुसऱ्याकडे बी-ए-ए, आणि तो म्हणतो "बी म्हणजे नवीन, जास्त चांगलं". कुठलं घ्यावं? अंबड-सातपूरला कोणी कार्ड लेव्हल रिपेअर करून देईल का? आणि टर्बाइन न फिरवता टेस्टिंग कसं करायचं? बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी पॅनेल तयार पाहिजे.

थायरिस्टरराव

कार्डाच्या आधी तापलेल्या थायरिस्टरचं बघू, कारण तुमचं निदान त्यातच आहे.

वरच्या बाजूला १, ३, ५ आणि खालच्या बाजूला ४, ६, २ अशी मांडणी असते. वरच्या बाजूचा प्रत्येक जण १२० अंश चालतो आणि पुढच्याच्या हाती करंट सोपवतो. तीनला पल्स मिळाला नाही तर एक नंबरकडून करंट घ्यायला कोणी नाही. फील्ड वाइंडिंगचं इंडक्टन्स भरपूर, करंट तुटू देत नाही, म्हणून एक नंबर पाचचा पल्स येईपर्यंत २४० अंश चालत राहतो. तापणार तोच. मुका तीन, शिक्षा एकाला.

फील्ड करंट जागेवर दिसला कारण रेग्युलेटरने फायरिंग अँगल (पल्स द्यायची वेळ) पुढे ओढून कमतरता भरून काढली. मीटरवर म्हणूनच काही कळत नाही. डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) फील्ड व्होल्टेज बघितलं असतं तर २० मिलिसेकंदात सहा सारखे फुगे, म्हणजे ३०० हर्ट्झचं रिपल, दिसायच्या ऐवजी ५० हर्ट्झचा खड्डा दिसला असता. दुसरं म्हणजे प्रत्येक फेजचा करंट दोन्ही दिशांना सारखा राहत नाही, एक्सायटेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी शिरतो. त्याचा आवाज वाढला होता का, ते ऑपरेटरला विचारा.

एक नंबरचा थायरिस्टर असा महिनाभर चालला असेल तर तोही तपासल्याशिवाय सोडू नका.

निफाड_इन्स्ट्रुमेंट

हो, ट्रान्सफॉर्मर गुरगुरत होता. आम्ही कोअरचे बोल्ट ढिले असतील असं धरून चाललो होतो.

अंबड_पॅनेल

अक्षरांचं आधी निकालात काढतो. या मालिकेत जी१ हा ग्रुप, म्हणजे कार्डाचा प्रकार. त्यानंतरची तीन अक्षरं वेगवेगळ्या अर्थाची आहेत. पहिलं अक्षर फंक्शनल रिव्हिजनचं आणि ते मागच्याशी सुसंगत नसतं. दुसरंही फंक्शनल रिव्हिजनचंच, पण मागच्याशी सुसंगत. तिसरं आर्टवर्कचं, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या मांडणीचं, तेही सुसंगत.

तेव्हा ए-बी-ए च्या जागी ए-सी-बी चालेल. बी-ए-ए चालेल असं धरायचं नाही, विक्रेता काहीही म्हणो. पहिलं अक्षर बदललं की कनेक्टरची पिन, फीडबॅकची पातळी किंवा जंपरचा अर्थ, काहीही बदललेलं असू शकतं. उलटी गंमतही ध्यानात ठेवा: ए-सी काढून ए-बी लावणं हेही सुरक्षित नाही. नवीन कार्ड जुन्याची जागा घेतं, जुनं नव्याची घेईलच असं नाही.

आयएस२०० आणि आयएस२१५ हाही फरक बघा. २०० म्हणजे नुसतं मूळ कार्ड, २१५ म्हणजे त्यावर काहीतरी वाढीव जोडलेलं, उदाहरणार्थ प्रॉम (प्रोग्राम साठवलेली मेमरी चिप). चार अक्षरी नाव जुळलं म्हणून सुरुवातीचा आकडा न बघता ऑर्डर टाकणारे कमी नाहीत. पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) पूर्ण नंबर टाका, शेवटच्या अक्षरासकट, आणि "किंवा समतुल्य" हे शब्द काढून टाका.

सिन्नरकर_ई

प्रश्न थोडा बाजूचा आहे. इतका खर्च करण्यापेक्षा बाजारात आयजीबीटीचे (पॉवर ट्रान्झिस्टरचे) तयार ड्रायव्हर मिळतात, थ्री फेज फायरिंग कार्डही मिळतात. त्यातलं एखादं बसवलं तर?

थायरिस्टरराव

आयजीबीटीचा ड्रायव्हर विसरा. आयजीबीटीचं गेट व्होल्टेजवर चालतं, ते चालू असेपर्यंत साधारण १५ व्होल्ट धरून ठेवायचे आणि बंद करायला शून्य किंवा उणे. थायरिस्टरला करंटचा धक्का लागतो: सुरुवातीला एक-दोन अँपिअर, चढण एका मायक्रोसेकंदाच्या आसपास, मग थोडा कमी करंट. चढण आळशी असेल तर मोठ्या थायरिस्टरची चकती गेटजवळच्या छोट्या भागातच चालू होते, सगळा करंट तिथून घुसतो आणि तेवढाच भाग जळतो. थायरिस्टर जातो, नाव मात्र त्याच्या क्वालिटीचं खराब होतं.

तयार थ्री फेज फायरिंग कार्ड हीटरला, बॅटरी चार्जरला उत्तम. इथे मूळ कार्ड नुसते पल्स देत नाही. प्रत्येक पायातलं कंडक्शन, ब्रिजचं तापमान, कूलिंगची हवा यांची माहिती कंट्रोलरला तेच परत पाठवतं. ते सिग्नल नाही आले तर कंट्रोलर ट्रिप देणार, आणि मग कोणीतरी ते सिग्नल जंपर करून फसवणार. तिथून पुढे प्रोटेक्शन नावापुरतं.

सातपूर_सोल्डर

रिपेअरबद्दल. होतं, पण काय करायचं आणि काय नाही हे ठरवून द्या.

आउटपुटचा मॉसफेट गेला असेल तर त्याचा गेट रेझिस्टर, क्लॅम्प झेनर आणि मागचा ऑप्टोकपलर एकत्र बदलायचे. नुसता मॉसफेट बदलून दिलेलं कार्ड थोड्याच दिवसांत परत येतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळेच बदला, १०५ अंशाचे, लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेले). पॅनेलचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य अर्धं होतं, आणि थायरिस्टर ब्रिजच्या डोक्यावर बसलेल्या कार्डाला थंड हवा कुठली? हे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण मॉसफेट सीलबंद रीलमधलाच घ्या. नंबर पुसून परत छापलेला माल भरपूर फिरतो.

पल्स ट्रान्सफॉर्मर मात्र रिवाइंड करू नका. वळणं मोजून सारखी भरली तरी लीकेज इंडक्टन्स बदलतो आणि पल्सची चढण मंद होते. इन्सुलेशनचा भाग वेगळाच. पल्स ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर कार्ड भंगार समजा, किंवा त्याच नंबरच्या दुसऱ्या मेलेल्या कार्डावरचा काढून लावा.

काळा पडलेला रेझिस्टर भिंगातून नीट बघा. मधोमध काळा असेल तर करंटने जळला. दोन्ही टोकांना, धातूची टोपी आणि काचेचा थर मिळतात तिथे बारीक काळी रेघ असेल तर ते गंधकाचं काम. चिप रेझिस्टरच्या टोकाला आतून चांदी असते. हायड्रोजन सल्फाइड तिथून शिरतो, चांदीचं सल्फाइड होतं, रेझिस्टन्स वाढत वाढत ओपन. तुमच्याकडे ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया) किंवा डिस्टिलरीचा डायजेस्टर वाऱ्याच्या दिशेला आहे का?

निफाड_इन्स्ट्रुमेंट

डायजेस्टर आहे, पश्चिमेलाच. रेझिस्टर मधोमध जळलाय. पण भिंगातून बघितल्यावर शेजारच्या चॅनलच्या दोन रेझिस्टरना टोकाला तुम्ही म्हणता तशी रेघ दिसतेय.

सातपूर_सोल्डर

मग दोन रोग आहेत. नवीन कार्ड त्याच हवेत टाकलं तर दोन-तीन हंगामांत पुन्हा हेच. कोटिंग असलेलं कार्ड घ्या, पण कोटिंगवर सगळा भरवसा टाकू नका. वायू त्यातूनही हळूहळू जातो, आणि कनेक्टरच्या पिनांवर कोटिंग नसतंच. खरा उपाय पॅनेल रूमला केमिकल फिल्टर आणि थोडा पॉझिटिव्ह प्रेशर. तांब्या-चांदीची कूपन पट्टी ३० दिवस लावून लॅबला द्या. आयएसए ७१.०४ प्रमाणे महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमच्या आत आणि चांदीवर २०० च्या आत थर आला तर हवा जी१ वर्गातली. हा जी१ वेगळा बरं का, कार्डावरच्या जी१ शी संबंध नाही.

गोदाकाठ_प्रोटेक्शन

मधोमध जळलेल्या रेझिस्टरवर कोणी बोललंच नाही. तो आपोआप जळत नाही. गेटच्या बाजूने काहीतरी शॉर्ट झालंय, किंवा कोणीतरी मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजायचं मीटर) मारलाय.

गेल्या ऑफ सीझनला रोटरचा आयआर (इन्सुलेशन रेझिस्टन्स) घेतला होता का? घेताना फील्डच्या दोन्ही केबल पॅनेलकडून सोडल्या होत्या का? बाहेरचा वाइंडिंगवाला येतो, स्लिप रिंगवर ५०० व्होल्टचा मेगर लावतो आणि आकडा लिहून निघून जातो. केबल जोडलेली असेल तर ते ५०० व्होल्ट ब्रिजमधून गेटच्या वायरवर आणि पल्स ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनवर येतात. कार्ड लगेच मरत नाही, अधू होतं आणि पुढच्या लोडला जातं. ब्रिजचा आयआर घ्यायचाच असेल तर कार्डाचे गेट कनेक्टर काढून, प्रत्येक थायरिस्टरचे अॅनोड, कॅथोड, गेट तिन्ही तारेने बांधून, मगच.

नवीन कार्ड लावायच्या आधी हे करा, नाहीतर ६ चॅनलपैकी एक पहिल्याच दिवशी पुन्हा जाईल. गेट कनेक्टर काढा आणि सहाही थायरिस्टरचा गेट ते कॅथोड रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. मोठ्या चकतीच्या थायरिस्टरला साधारण ५ ते ५० ओहम असतात. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, सहा जणांमधला सारखेपणा महत्त्वाचा. पाच १८-२० दाखवतायत आणि एक ३, तर त्याचं गेट शॉर्ट. एक ओपन, तर आधी लग आणि क्रिंप बघा, थायरिस्टर नंतर. गेटची तार बहुधा पांढरी, कॅथोडची लाल, पण रिपेअर झालेल्या स्टॅकवर रंगाचा भरवसा नको.

मग एकेकाची परीक्षा: १२ च्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये, अॅनोडकडून ट्रकचा २४ व्होल्ट ७० वॉटचा हेडलाइट बल्ब. गेटला ६ व्होल्ट, १० ओहममधून, क्षणभर. बल्ब लागला आणि गेट काढल्यावरही लागलेला राहिला तर थायरिस्टर ठीक. हे स्टॅकचा क्लॅम्प कसलेला असतानाच करायचं, सुटी चकती खोटं बोलते.

निफाड_इन्स्ट्रुमेंट

तीन नंबर गेट-कॅथोड २.५ ओहम. बाकी सगळे १६ ते १९. बल्बवर तीन लागतच नाही, एक नंबर पास झाला. रोटरचा मेगर गेल्या वर्षी झाला होता, केबल सोडल्याची नोंद कुठेच नाही.

गोदाकाठ_प्रोटेक्शन

झालं तर. तीनचा थायरिस्टर आधी, कार्ड नंतर. नवीन चकती बसवताना क्लॅम्पचा दाब त्याच्या गेजवर किंवा वॉशरच्या खुणेवरच बघा, टॉर्क रेंचने अंदाज नको. दोन्ही तोंडांना कंपाउंड अगदी पातळ. एक नंबर बल्बवर पास झाला तरी त्याच्यावर पूर्ण व्होल्टेजचा लीकेज बघून घ्या. जास्त तापलेला थायरिस्टर २४ व्होल्टला शहाण्यासारखा वागतो.

अंबड_पॅनेल

कार्ड बदलायची पद्धत लिहितो, तुमच्या प्लांटच्या परमिटच्या चौकटीत बसवून घ्या.

टर्बाइन थांबलेलं, फील्ड ब्रेकर उघडा आणि रॅक आउट, एक्सायटेशन ट्रान्सफॉर्मरची एचटी (हाय टेन्शन) बाजू आयसोलेट आणि अर्थ, १२५ व्होल्ट डीसी कंट्रोल सप्लाय आणि पॅनेलचा एसी सप्लाय दोन्ही बंद, कुलूप आणि टॅग. डीसीचे दोन सोर्स डायोडने एकत्र केलेले असतात, एक बंद करून भागत नाही. ब्रिजचे एसी बार एकमेकांत आणि अर्थशी, डीसी बार दोन्ही अर्थशी मोजून शून्य झाल्यावरच हात घाला. स्नबरचे (थायरिस्टरला व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारे) कपॅसिटर उतरायला वेळ घेतात.

फोटो काढा: पूर्ण कार्ड, मग प्रत्येक जंपर जवळून, मग प्रत्येक कनेक्टर नावासकट. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे कुठली केबल कुठल्या कनेक्टरची, म्हणून काढायच्या आधी फेरूल (तारेवरची नंबरची नळी) लावा. गेटचे सहाही कनेक्टर एकाच मापाचे असतात. एक आणि चार अदलाबदल झाले तर एकाच फेजचे वरचा-खालचा उलटतात, पल्स १८० अंश चुकीच्या वेळी जातो, आणि पूर्ण व्होल्टेजला फ्यूज उडण्यावरच भागलं तर नशीब.

मनगटाला १ मेगओहमवाला पट्टा, तो पॅनेलच्या अर्थला. नवीन कार्ड पिशवीतून काढायच्या आधी पिशवीसकट पॅनेलला टेकवा. कार्ड कडेने धरा. जंपर जुन्याप्रमाणे. कॅटलॉगच्या डिफॉल्टप्रमाणे नको, पहिल्या कमिशनिंगच्या वेळी कोणी काय बदललंय ते मॅन्युअलमध्ये नसतं. स्टँडऑफचे सगळे स्क्रू लावा, एकही शिल्लक राहता कामा नये. काही स्क्रू नुसते धरायला नसतात, कार्डाचं अर्थिंग त्यांच्यातूनच जातं. गेटच्या तारा पीळ घातलेल्या, सहाही शक्यतो सारख्या लांबीच्या, बसबारला आणि सीटीच्या वायरला चिकटलेल्या नकोत.

सिन्नरकर_ई

आणि कमी व्होल्टेजची टेस्ट? व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ऑटोट्रान्सफॉर्मरने) केलेली ऐकलंय.

थायरिस्टरराव

नुसत्या व्हेरिअॅकने नको. तो आयसोलेटेड नसतो, डीसीवर डीएसओची अर्थ क्लिप लावली की शॉर्ट. ४१५ ते ५० व्होल्टचा थ्री फेज ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि तरीही डिफरन्शिअल प्रोबच वापरा. डीएसओच्या प्लगची अर्थ पिन काढायची युक्ती कोणी सुचवली तर त्याला बाहेर चहाला पाठवा.

फील्डच्या दोन्ही केबल सोडा. एक्सायटेशन ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी केबल ब्रिजकडून सोडा, हे विसरायचं नाही. ११ केव्ही/४०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि तुम्ही सेकंडरीला ५० व्होल्ट दिले, तर वरच्या बाजूला १३७५ व्होल्ट उभे राहतात. अर्थ लावलेला असेल तर सप्लायच शॉर्ट, काढलेला असेल तर माणूस.

लोड: २३० व्होल्ट १००० वॉटचे तीन हीटर कॉइल पॅरलल, साधारण १७.६ ओहम. १०० वॉटचा एक बल्ब लावून टेस्ट करणारे हमखास फसतात, मोठ्या थायरिस्टरचा लॅचिंग करंट (पल्स गेल्यावरही चालू राहायला लागणारा किमान करंट) अँपिअरच्या घरात असू शकतो. बल्ब तेवढा ओढत नाही, थायरिस्टर चालू होऊन लगेच बंद, आणि दोष नव्या कार्डाच्या माथी.

आता आकडे. ५० व्होल्ट लाइनला फुल डीसी ६७.५. फायरिंग अँगल ६० अंशावर ठेवा, ३३.८ यायला हवेत, थायरिस्टरचा ड्रॉप जाऊन ३२ च्या आसपास. डीएसओवर २० मिलिसेकंदात सहा फुगे, ३.३३ मिलिसेकंदांच्या अंतराने. एका थायरिस्टरला पल्स नाही तर दोन फुगे गायब, मीटरवर साधारण २१. एक फेजचा फ्यूज गेला असेल किंवा त्या फेजचे दोन्ही मुके असतील तर चार गायब, साधारण ११ किंवा कमी. फुगे सहा आहेत पण उंची सारखी नाही, तर कार्डाला दोष द्यायच्या आधी सिंक्रोनायझिंगचा (फायरिंगची वेळ ठरवणारा) व्होल्टेज तपासा. फेज सिक्वेन्स उलटा असेल तर काही म्हणजे काही ताळमेळ लागत नाही, आधी सिक्वेन्स मीटर लावा.

काही कंट्रोलर सिंकचा व्होल्टेज ब्रिजच्या एसीवरूनच घेतात आणि ५० व्होल्टला "सप्लाय नाही" म्हणून फायरिंग अडवतात. तिथे मॅन्युअलमधला टेस्ट मोड बघा.

निफाड_इन्स्ट्रुमेंट

ए-सी-बी कार्ड आलं, तीन नंबर चकती बदलली, टेस्ट लावली. ६० अंशाला ३१.८, सहा फुगे, सारखे. पण ९० अंशाला शून्य यायला हवं ना? ९ च्या खाली येत नाही.

थायरिस्टरराव

नाही यायला पाहिजे. ९० ला शून्य हे सूत्र भरपूर इंडक्टन्स असलेल्या लोडचं, म्हणजे खऱ्या फील्डचं. हीटर कॉइल निव्वळ रेझिस्टन्स, ती व्होल्टेज उणे जाऊ देत नाही. ५० व्होल्टला ९० अंशावर हिशोबाने ९ च येतात. १२० ला शून्य होईल. कार्ड उत्तम आहे.

गेटवर थायरिस्टर जोडलेला असताना पल्सची उंची बघून ठेवा, १.५ ते ३ व्होल्ट. एखाद्यावर ८-१० दिसले तर त्याची तार कुठेतरी सुटलीय. सहाही फोटो काढून फाइलला लावा.

गोदाकाठ_प्रोटेक्शन

मशीन फिरल्यावर पहिलं एक्सायटेशन मॅन्युअल मोडमध्ये, ग्रिडवर न घेता. निम्म्या व्होल्टेजला थांबून फील्ड व्होल्टेजचा रिपल बघा, मग पूर्ण. अर्ध्या तासाने सहाही हीटसिंक थर्मल कॅमेऱ्याने. आणि एकदा डी-एक्साइट करून बघा, ब्रिज इन्व्हर्टरमध्ये जाऊन फील्ड उतरवताना कम्युटेशन चुकलं तर तिथेच कळतं.

सातपूर_सोल्डर

स्पेअर म्हणून जुनं कार्ड रिपेअर करून ठेवणार असाल तर स्टोअरच्या लोखंडी कपाटात वर्षानुवर्षं नको. दोन वर्षांवर पडून राहिलं तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर रिफॉर्म करावे लागतात: करंट लिमिट लावलेल्या सप्लायने व्होल्टेज टप्प्याटप्प्याने तासाभरात चढवायचा. सिलिका जेल वर्षातून एकदा बदला. आणि पावसाळ्यात पॅनेलचा स्पेस हीटर चालू ठेवायला सांगा. ऑफ सीझनला वीज वाचवायची म्हणून तोच एमसीबी सगळ्यात आधी पाडतात, मग सप्टेंबरात कार्डावर दव धरलेलं असतं आणि त्यावरच सप्लाय दिला जातो.

निफाड_इन्स्ट्रुमेंट

आत्ताच बघितलं, एमसीबी खाली होता. वर केलाय, "पाडू नये" अशी पाटी लावतोय. कूपन पट्ट्या कुठल्या उंचीवर लावायच्या?

सातपूर_सोल्डर

एक पॅनेलच्या आत कार्डाच्या उंचीवर, एक खोलीत हवा आत येते त्या तोंडाशी. हातमोजे घालून टांगा, बोटांचे ठसे रीडिंग बिघडवतात.